आधी पाणी कुठे जातं ते बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं आणि आज सकाळीच उत्तराला बसलो आहे. शनिवारी तू गाडी बघायला जाणार, त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. माझदा एमएक्स-५, दोन सीटांची, कापडी टप मागे दुमडून उघडी करता येणारी, पहिल्या पिढीची, १.६ लिटरच्या इंजिनाची, डोळे उघडमिट करावेत तसे वरखाली होणाऱ्या दिव्यांची! तू लिहिलं आहेस, "इंजिनाचा आवाज गोड आहे, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे, आता आणखी काय बघायचं?" ते वाचून मला माझी गाडी घेतली तो दिवस आठवला. मीही अर्धा तास बॉनेट उघडून इंजिनाकडे बघत उभा होतो. बघायला हवं होतं सीटच्या मागे.

या गाडीच्या इंजिनाला फार घाबरू नकोस. घाबर ते पाण्याला. पत्र लांबणार आहे, पण मधलं काही विसरलास तरी एवढं विसरू नकोस.

कापडी टपावर पडलेलं पाणी थोडंफार आत झिरपणार हे बनवणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं, म्हणून त्याला बाहेर जायला वाट करून दिली आहे. टपाच्या मागच्या कडेखाली, डिकीच्या झाकणाच्या पुढे, प्लॅस्टिकची एक पन्हळ आहे. पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही कोपऱ्यांकडे वाहतं. तिथे सीटबेल्टच्या खांबांमागे एकेक भोक आहे. त्या भोकातून नळी खाली उतरते आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, गाडीच्या पोटाखाली पाणी सोडते. रचना साधी आणि चोख आहे. पण गाडी झाडाखाली उभी राहिली की पानं, धूळ, कापडाचे धागे असं सगळं त्या नळीत उतरतं आणि तिथे गच्च बोळा बसतो. मग पाणी तुंबतं, काठावरून सांडतं आणि थेट दाराखालच्या उंबऱ्यात शिरतं. हा उंबरा म्हणजे आतून पोकळ अशी पत्र्याची पेटी. आत उजेड नाही, वारा नाही. पाणी महिनोन्‌महिने तिथेच राहतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेर रंगावर बारीक फोड दिसायला लागेपर्यंत आतलं काम जवळपास आटोपलेलं असतं.

माझ्या गाडीत पहिल्याच पावसानंतर कुबट वास यायला लागला. मला वाटलं टप गळतोय. दारांची रबरं बदलली, काचा नीट बसवून घेतल्या, टपाच्या शिवणींवर मेण चोळलं. तरी सीटमागचा गालिचा ओलाच. दोन महिने मी चुकीच्या जागी शोधत राहिलो. शेवटी एका रविवारी टप खाली घेतला आणि कोपऱ्यातल्या भोकात पेलाभर पाणी हळूहळू ओतलं. डाव्या बाजूचं पाणी लगेच खाली ठिबकायला लागलं. उजव्या बाजूचं जागचं हललं नाही, तळ्यासारखं साचून राहिलं. गवत कापायच्या यंत्रात घालतात ती जाड नायलॉनची दोरी घेतली, टोक आचेवर धरून गोल केलं आणि फिरवत फिरवत आत सारली. खालून जे बाहेर पडलं ते पानांचं काळं खत होतं, मूठभर. त्यामागून पाणी धो धो आलं. तो आवाज अजून कानात आहे. पण तोवर उजव्या उंबऱ्याचा मागचा वीतभर भाग गेला होता. तो कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागला आणि ते काम या गाडीवरचं सगळ्यात मोठं काम ठरलं. तेव्हा तू कडक तार कधी घालू नकोस, नळी फाटते. जोराची हवाही मारू नकोस, नळी आतल्या आत सुटली तर पाणी उंबऱ्यातच पडायला लागेल.

म्हणून शनिवारी बाटलीभर पाणी घेऊन जा आणि मालकाची परवानगी घेऊन दोन्ही कोपऱ्यांत ओत. मग सीटमागच्या गालिच्याखाली हात घाल. वरून कोरडा वाटला तरी खालचा फोम ओल धरून ठेवतो, तो दाबून बघ. त्यानंतर गुडघ्यावर बस आणि मागच्या चाकापुढे उंबऱ्याचा जो शेवटचा भाग आहे त्यावरून चुंबक फिरव. पत्रा असेल तिथे चिकटेल, गंजाच्या भोकात लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा) भरली असेल तिथे सुटेल. नव्या रंगाला भुलू नकोस. सगळी गाडी जुन्या रंगात आणि नेमका तेवढाच भाग चकचकीत असेल तर विचार, का?

उंबऱ्याखाली जॅक लावायची पत्र्याची उभी कड आहे, तीही बघ. ती बहुतेक गाड्यांत चेपलेली असते, कारण लोक कुठेही जॅक लावतात. कड चेपली की उंबऱ्यातून पाणी बाहेर पडायची बारीक छिद्रंही मिटतात. मी गाडी पुढून उचलतो ती सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिनाखालच्या जाड चौकटीच्या, मधोमध आणि मागून डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या, खाली. कडेला फक्त स्टँड, तेही मजबूत केलेल्या जागीच, मध्ये खाच असलेला रबरी ठोकळा घालून.

टपाचं सांगतो. कापड फाटतं ते दाराच्या वर, जिथे सांगाड्याची कोपरं दुमडतात तिथे. मागची खिडकी काचेची नसून मऊ प्लॅस्टिकची असेल तर टप खाली घेण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट झोपवायची, दर वेळी. आणि थंडीत टप दुमडायचाच नाही. एका गारठलेल्या पहाटे ऊन बघून मला राहवलं नाही, टप मागे ढकलला आणि खिडकीला मधोमध हातभर चीर गेली. चूक सर्वस्वी माझी. ओला टपही दुमडून ठेवायचा नाही, बुरशी धरते. रबरांना सिलिकॉन लाव, ग्रीस नको, ग्रीसने रबर फुगतं. आणि कधी नवा टप बसवलास तर पन्हळही त्याच वेळी बदल. जुनी पन्हळ कडक होऊन तडकलेली असते. वर नवंकोरं कापड आणि खाली फुटकी पन्हळ असेल तर गालिचा पुन्हा ओलाच.

डिकीत उजव्या बाजूला बॅटरी आहे. मुळात तिथे सीलबंद, लहान बॅटरी येत असे आणि तिचा वायू नळीने बाहेर सोडलेला असे. मधल्या कुणा मालकाने साधी बॅटरी नळीशिवाय बसवली असेल, तर आम्लाच्या वाफेने खालचा पत्रा खाल्लेला असतो. तिथलं आच्छादन उचलून बघ.

आता इंजिन, कारण त्याशिवाय तुझं समाधान होणार नाही. १९८९ पासून १९९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या १.६ इंजिनांची एक गोष्ट सगळ्या जाणकारांना माहीत आहे. क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक त्यांत आखूड आहे. तिथला मोठा बोल्ट टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडमिट करवणारा पट्टा) बदलताना नीट आवळला गेला नाही तर टोकावरची पुली हलायला लागते, तिला जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते, टायमिंग सरकतं आणि गाडीचा जोर हळूहळू ओसरतो. ओळखायचं कसं? टॉर्च घेऊन पुढच्या पुलीच्या मध्यभागी बघ. चार खाचा असतील तर आखूड टोकाचं इंजिन, आठ असतील तर नंतरचं. चार निघाल्या म्हणून पळून येऊ नकोस. इंजिन चालू करून पुली सरळ फिरते की डुलते ते बघ. सरळ फिरत असेल आणि पुढे बेल्ट बदलताना तू नवा बोल्ट टॉर्क पान्याने (ठरल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळून घेतलास, तर अशी इंजिनं वर्षानुवर्षं चालतात.

बेल्ट ९६,००० किलोमीटरला बदलायचा. बदलल्याचा लेखी पुरावा नसेल तर बदललेला नाही असंच धर. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी जागीच थांबते एवढंच. तो भाग उघडशीलच तेव्हा वॉटर पंप, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि पुढची ऑइल सील्स बदलून टाक.

ऑइलगळतीचा माझा अनुभव तुझ्या कामी यावा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत होते. एका मेकॅनिकने खालूनच बघून सांगितलं, क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मी होकार देणारच होतो. पण घरी आल्यावर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागे डोकावलो. तिथे कॅम अँगल सेन्सर (ठिणगी कधी पाडायची ते इंजिनाला कळवणारा) बसवलेला असतो आणि त्याखाली सगळं तेलकट होतं. सेन्सरच्या आत एक रबरी ओ-रिंग असते, ती म्हातारी होऊन काचेसारखी कडक झाली होती. तेल तिथून निघून हेडच्या पाठीवरून ओघळत बरोबर त्या सांध्यात उतरत होतं, म्हणून खालून बघणाऱ्याला सील गेल्यासारखं दिसतं. काढण्याआधी सेन्सर आणि हेडवर मिळून एक रेघ मार, कारण सेन्सर जरा फिरला तरी इग्निशनचं टायमिंग बदलतं. जागा अडचणीची, हात सोलवटतात, पण गिअरबॉक्सला हात न लावता गळती थांबली. ऑइल नेहमी खालच्या दिशेने जातं, तेव्हा थेंब दिसला की नजर वर न्यायची. हे मी त्या दिवशी शिकलो.

चालू करताना वरून टिक टिक ऐकू आली तर ते हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हवरची फट भरून काढणारे भाग. फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हमखास येतं. ताजं ऑइल घालून गाडी चालवत राहिलं की बहुतेक वेळा शांत होतं. रेडिएटरची वरची टाकी प्लॅस्टिकची आहे. ती काळी असेल तर ठीक, तपकिरी-हिरवट पडली असेल तर ती तडकायच्या आत रेडिएटर बदल. जास्त तापणं मात्र या इंजिनाला सोसत नाही, हेडचा गॅस्केट जातो.

क्लचचं पेडल खाली बसायला लागलं, रिव्हर्स टाकताना कुरकुर झाली, तर क्लच प्लेट गेली असं लगेच समजू नकोस. आधी गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या स्लेव्ह सिलिंडरचं (पेडलचा दाब द्रवातून घेऊन क्लच ढकलणाऱ्याचं) रबर मागे सारून बघ, ओलं असेल. तो बदललास की थोड्या दिवसांनी वरचा, पेडलकडचा मास्टर सिलिंडरही गळायला लागतो, म्हणून जोडीनेच बदललेले बरे. गाडी थंड असताना दुसरा गिअर अडखळतो, त्याला जबरदस्ती करू नकोस, चार किलोमीटर गेल्यावर सुरळीत होतो. मागच्या ब्रेक कॅलिपरच्या (ब्रेकची चकती आवळणाऱ्या चिमट्याच्या) पिना गंजून अडकतात आणि एक चाक तापतं. वर्षातून एकदा काढून, साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं की झालं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं.

टायर! नक्षी भरपूर आहे म्हणून खूश होऊ नकोस. अशा गाड्या कमी फिरतात, टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी, ओला रस्ता आणि कडक झालेलं रबर हे एकत्र आलं की गाडी वळणावर मागून सुटते. मी हे एकदा अनुभवलं आहे आणि तुला अनुभवू द्यायचं नाही.

तू विचारलंस, एवढी देखभाल करून मिळतं काय? १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. घडवणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवलेला जपानी शब्द होता 'जिनबा इत्ताई', घोडा आणि स्वार एकजीव. जोर जेमतेम ११५ अश्वशक्तीचा, पण वजन हजार किलोच्या आतच. शिवाय गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट पोटाखाली आहे. त्यामुळे ॲक्सिलरेटरवरच्या पावलाची हालचाल मागच्या चाकांपर्यंत लगेच पोचते, मध्ये कुठे ढिलाई जाणवत नाही. उंबरा दुरुस्त झाल्यावर मी पहिल्यांदा टप उघडून निघालो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. ओल्या मातीचा वास थेट नाकात, वळणावर स्टिअरिंग हातात जिवंत, आणि मागचा गालिचा कोरडा. मी उगाच वीस किलोमीटर पुढे गेलो.

शनिवारी पुलीचा फोटो काढ, खाचा नीट दिसतील असा. दोन्ही उंबऱ्यांचे मागचे कोपरे खालून काढ. आणि पाणी ओतल्यावर ते किती वेळात बाहेर आलं, दोन्ही बाजूंना सारखं आलं का, हे लिहून ठेव. संध्याकाळी फोन कर, मी घरीच आहे. उजवा कोपरा तुंबलेला निघाला तर पैसे देऊ नकोस, मी स्वतः येऊन खालून बघेन, मग ठरवू. दोरी माझ्याकडे आहेच.

तुझाच