सुनीलला, निवृत्तीच्या आधी

लंडन, रविवार

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. फोनवर तू हसतखेळत बोललास, पण पत्रात शेवटी लिहिलंस, "३१ मेनंतर आगीची वर्दी दुसऱ्यांना येणार. मी काय करू?" ती ओळ डोक्यातून जाईना, म्हणून मी 'लंडन्स बर्निंग', ती तुझ्यासारख्या फायरमनांवरची मालिका, पुन्हा पाहायला घेतली.

इथल्या आयटीव्ही वाहिनीवर ही मालिका १९८८ ते २००२ चालली. त्याआधी, १९८६ मध्ये, जॅक रोझेन्थाल यांनी लिहिलेला याच नावाचा टीव्ही-चित्रपट आला होता. ब्लॅकवॉल फायर स्टेशनची 'ब्लू वॉच', म्हणजे निळी पाळी. इकडे पाळ्या रंगांवरून ओळखतात: लाल, पांढरी, निळी, हिरवी. आगीचे प्रसंग आहेतच, पण माझा जीव अडकतो तो जेवणाच्या टेबलात. रांधणाऱ्याला सगळे बे-लीफ म्हणतात, तमालपत्र! शेजारी सतत दुखण्याची तक्रार करणारा सिकनोट. चेष्टामस्करी रंगात येते आणि घंटा होते.

तुझ्या स्टेशनात मी जेवायला आलो होतो, आठवतं? वर्दी आली आणि मिनिटभरात सगळी बाकं रिकामी. समोर अर्धवट कुस्करलेली भाकरी, रश्श्यातून वाफ निघतेय, आणि मी एकटा. तेव्हा मला तुझी नोकरी कळली.

आता खरी गोष्ट. गेल्या महिन्यात आमचा बॉयलर बिघडला. आलेला प्लंबर साठीच्या आसपासचा. बॉयलरच्या खोलीचं दार बंद होतं, तर उघडण्याआधी त्याने, दार तापलंय का पाहावं तशी, दाराला हाताची मागची बाजू टेकवली. मी विचारलं, "फायर ब्रिगेडमध्ये होतात?" तो चमकलाच. व्हॅनमध्ये त्याचे बूट ठेवले होते, वरची विजार घडी करून बुटांवर दुमडलेली, पाय घातला की झालं. नोकरी सुटून दहा वर्षं झाली, तरी!

चहा घेता घेता तो बोलत राहिला. जुन्या पेन्शन योजनेत ३० वर्षं भरली की पन्नाशीलाच बाहेर पडता यायचं. दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या आणि मग चार दिवस सुट्टी, त्यामुळे पुष्कळ जण नोकरीत असतानाच हातात दुसरं काम धरून ठेवायचे. २००२ च्या नोव्हेंबरात वर्षाला ३० हजार पौंड पगार मागत संप झाला, त्यात हा होता. संपकऱ्यांच्या जागी लष्कराचे जवान जुने हिरवे बंब घेऊन रस्त्यावर आले, ते पाहून रडू आलं म्हणाला. पुढे २०१४ च्या जानेवारीत लंडनमधली १० स्टेशनं एकाच दिवशी बंद झाली. क्लर्कनवेलचं तर १८७२ पासूनचं.

निवृत्तीनंतर वर्षभर तो घरी एकटा बसला. रात्री दोनला जाग यायची, कान घंटेकडे. मग त्याच्याच पाळीतले तिघं एकत्र आले. एक प्लंबिंग करतो, एक वायरिंग, एक फरश्या बसवतो. व्हॅन एक, दुपारचं जेवणही एकत्र.

सुन्या, तुझ्या मनात असलेली मॉलमधली सेफ्टी ऑफिसरची नोकरी वाईट नाही. पण त्या केबिनमध्ये तू एकटा असशील, आणि तेच मला खुपतंय. तुझ्याबरोबर आणखी कोण कोण निवृत्त होतंय? सोसायट्यांमध्ये जाऊन लोकांना सिलिंडरची आग विझवायला शिकवायचं, हे तू कितीदा बोललास. दोघा-तिघांना धर आणि कर सुरू. पहिल्या खर्चाचं मी बघतो, त्यावर वाद नको.

वहिनींना नमस्कार. त्या दोघा-तिघांची नावं कळव.

तुझा,
विनू