‘पसरवला’ हा शब्द खटकला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इंडोनेशियावरचा लेख वाचला. फोटो छान होते, देवळांची माहितीही चांगली दिलीय, पण मध्येच एक वाक्य आलं की 13व्या शतकात अरब व्यापाऱ्यांनी या बेटांवर इस्लाम पसरवला, आणि शेजारी नकाशात अरबस्तानातून निघालेला एक जाड बाण थेट जावापर्यंत. बस्स, एवढंच. तीनशे-साडेतीनशे वर्षांचा मामला आणि तो एका ओळीत उरकलाय, म्हणून हे पत्र लिहितोय.

‘पसरवला’ म्हटलं की सगळं करणारा बाहेरचा आणि तिथला माणूस नुसता बघत उभा, असं डोळ्यासमोर येतं. पण अरब आणि इराणी जहाजं त्या समुद्रातून चीनला कितीतरी आधीपासून जात होती. बेलितुंग बेटाजवळ 1998 मध्ये एक बुडालेलं जहाज सापडलं, 9व्या शतकातलं, बांधणी अरबी पद्धतीची, आत चिनी मातीची हजारो भांडी. पूर्व जावात लेरानला फातिमा बिंत मैमून या बाईच्या कबरीवर 1082 सालचा लेख आहे. म्हणजे मुसलमान लोक तिथे येत होते, राहत होते, मरत होते, तरी पुढची दोनशे वर्षं तिथल्या राजांनी धर्म बदलल्याचा ठोस पुरावा मिळत नाही. व्यापारी आले म्हणून धर्म पसरला एवढं सोपं असतं तर हे फार आधीच व्हायला हवं होतं ना?

आता वाऱ्याचं बोलतो कारण ते सोडून हा विषय कळतच नाही. पश्चिमेकडून जाणारी जहाजं नैऋत्य मोसमी वाऱ्यावर तिकडे पोचायची आणि परत यायला वारा उलटा फिरेपर्यंत थांबावंच लागायचं. मार्को पोलो 1292 च्या सुमारास सुमात्राला पोचला आणि वाऱ्यासाठी पाच महिने अडकून पडला. व्यापाऱ्यांचं तर दरवर्षीच असं व्हायचं, मग घर घेतलं, तिथल्याच बाईशी लग्न केलं, मुलं झाली, नमाजाला जागा लागली, मुलांना शिकवायला कोणीतरी लागला. पोलोनेच लिहून ठेवलंय की पेर्लाक बंदरातले लोक व्यापाऱ्यांमुळे मुसलमान झालेत पण डोंगरातले नाहीत. बंदर आणि डोंगर, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. जवळच सामुद्रा-पासाई या सुमात्रातल्याच बंदर-राज्यात सुलतान मलिक अल-सालेहची कबर आहे, 1297 ची, आणि 1345 च्या सुमारास इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी तिथे गेला तेव्हाचा सुलतान शाफी (सुन्नी इस्लाममधला एक कायदेपंथ) मताचा, धर्मपंडितांशी चर्चा करायची आवड असलेला, शुक्रवारी नमाजाला पायी जाणारा, पण आजूबाजूचा मुलूख मात्र अजून इतर धर्माचाच होता. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं झाली तरी बंदर आणि डोंगर वेगळेच.

मला स्वतःला सगळ्यात जास्त धक्का दिला तो जावातल्या त्रोवुलानच्या कबरींनी. त्रोवुलान म्हणजे मजपाहित या हिंदू-बौद्ध साम्राज्याची राजधानी. तिथल्या आणि जवळच्या त्रालायाच्या कबरींवर एकीकडे अरबीत कुराणातली वचनं आहेत आणि साल मात्र हिजरी नाही, शके 1290! आकडेही जुन्या जावानी लिपीतले. काही दगडांवर मजपाहितचं किरणांचं सूर्यचिन्ह कोरलंय. शके 1290 म्हणजे आपण नेहमी करतो तसे 78 मिळवा, 1368. तेव्हा गादीवर हयाम वुरुक होता, साम्राज्य ऐन भरात होतं. परदेशी व्यापाऱ्याच्या घरच्यांनी शक का कोरला असता? नक्षीकाम बघून अभ्यासक म्हणतात की ही तिथल्याच प्रतिष्ठित लोकांची, कदाचित राजघराण्यातल्यांचीही थडगी असावीत. म्हणजे हिंदू राजाच्या राजधानीत, राजा असताना, मोठ्या घरातली जावानी माणसं मुसलमान म्हणून पुरली जात होती आणि काळ मात्र आपल्या जुन्याच पंचांगाने मोजत होती. आता यात ‘पसरवला’ कुठे बसवायचं?

ही शकाची गोष्ट तिथेच संपत नाही. जावातल्याच माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने 1633 मध्ये शक कालगणना बदलून महिने हिजरीसारखे चांद्र केले, पण वर्षाचा आकडा 1 पासून सुरू नाही केला, शके 1555 चालू होतं तेच पुढे चालू ठेवलं. ते जावानी वर्ष आजही चालू आहे, चांद्र वर्ष लहान असल्यामुळे आपल्या शकाच्या 11-12 वर्षं पुढे गेलंय इतकंच.

आणि शब्द बघा. तिकडचा मुसलमान रमजानच्या रोजाला ‘पुआसा’ म्हणतो, म्हणजे आपला उपवास. स्वर्गाला ‘सुर्गा’, नरकाला ‘नराका’, पुण्याला ‘पहाला’ जो आपल्या फळ शब्दाचा भाऊ, पापाला ‘दोसा’ म्हणजे दोष, धर्मालाच ‘आगामा’. नमाजाला ‘सम्बाह्यांग’ असा त्यांचा स्वतःचा जुना शब्द आहे ज्यातला ‘ह्यांग’ म्हणजे देव. बाहेरच्याने येऊन लादलं असतं तर हे शब्द सगळ्यात आधी गेले असते असं मला तरी वाटतं. कुदुस गावाचं नाव अल-कुद्स म्हणजे जेरुसलेमवरून आलं, पण तिथल्या जुन्या मशिदीचा लाल विटांचा मनोरा बघितला की जावानी देऊळच आठवतं, आणि गावात अजून बकरी ईदला गाय कापत नाहीत, म्हैस कापतात. हिंदू शेजाऱ्यांचं मन दुखू नये म्हणून सुनान कुदुस या तिथल्या संताने असं सांगितलं अशी तिथली परंपरा आहे.

बरं, तो बाण अरबस्तानातूनच का? पासाईच्या राणी नहरासियाची 1428 ची कबर आणि जावातल्या ग्रेसिक बंदरातली मलिक इब्राहिम या धर्मप्रसारकाची 1419 ची, दोन्हींचा संगमरवर गुजरातेतल्या खंबायतचा. तोमे पिरेस हा पोर्तुगीज 1512 ते 1515 मलाक्का या मलाया किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरात होता, त्याने तिथल्या व्यापाऱ्यांची यादी दिलीय त्यात गुजराती तर आहेतच, शिवाय चौल आणि दाभोळचीही माणसं आहेत! मराठी पेपरने हे विसरावं याचं मला खरंच वाईट वाटलं. बंदरावर चार शाहबंदर म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांचं बघणारे अधिकारी होते, त्यातला एक फक्त गुजरात्यांसाठी. चिनी मुसलमानही होते, चेंग ह या चिनी दर्यासारंगाच्या आरमाराबरोबर गेलेल्या मा हुआनने जावातल्या चिनी मुसलमानांबद्दल लिहून ठेवलंय.

हे सगळं गोडीगुलाबीनेच झालं असंही मी म्हणत नाही, तेही खोटं होईल. 1527 च्या सुमारास देमाक या जावातल्याच मुसलमान राज्याने मजपाहितची उरलीसुरली सत्ता मोडली ती लढूनच. सुलावेसी बेटावरच्या गोवा नावाच्या राज्याच्या राजाने 1605 मध्ये इस्लाम स्वीकारला आणि 1608 ते 1611 शेजारच्या बुगी राज्यांवर चढाया केल्या, तिथे या लढायांना आजही इस्लामच्या लढायाच म्हणतात. पण लढणारे दोन्हीकडचे तिथलेच होते. मध्ये 1511 मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का घेतलं आणि तिथला मुसलमान व्यापार आचे, जोहोर, बांतेनकडे पांगला, त्याने उलट नवीन बंदरं उभी राहिली. बाली मात्र हिंदूच राहिलं.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या वेळी नकाशा छापाल तेव्हा तो एकटा जाड बाण काढा. त्याजागी नुसती गावं आणि सालं टाकली तरी चालेल, पासाई 1297, त्रोवुलान 1368, देमाक 1527, गोवा 1605 (हे सुलावेसीतलं गोवा, आपलं नव्हे, हे खाली लिहा नाहीतर वाचकांचा गोंधळ होईल). आणि खंबायत, चौल, दाभोळ या तीन टिंबांना जागा होत असेल तर बघा.

आपला,
एक जुना वाचक