‘वैमानिक सुखरूप’, पण मणक्याचे काय?

संपादक महोदय,

गोव्यात नौदलाचे लढाऊ विमान कोसळले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक मथळा ठरलेला असतो: ‘वैमानिक सुखरूप’. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी दाबोळीहून उडालेले मिग-२९के प्रशिक्षण विमान पक्षी आदळल्यामुळे वेर्णा पठारावर पडले. २३ फेब्रुवारी २०२० आणि १२ ऑक्टोबर २०२२ रोजी याच जातीची विमाने गोव्याजवळ समुद्रात गेली. तिन्ही वेळा वैमानिक इजेक्शन सीटने बाहेर पडले आणि वाचले, याचा आनंद आहेच. पण मणक्याच्या दुखण्यांवर काम करणाऱ्या आम्हा फिजिओथेरपिस्टांना तो ‘सुखरूप’ शब्द घाईचा वाटतो. माणूस आपल्या पायांनी चालत आला म्हणजे त्याची पाठ शाबूत आहे असे होत नाही.

इजेक्शनची सीट अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळात वैमानिकाला वर फेकते. त्या क्षणी शरीरावर साधारण १५ ते २० जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० पट, इतका भार येतो. छातीचा ताठ कणा जिथे कमरेच्या लवचीक कण्याला मिळतो, त्या टी-१२ आणि एल-१ मणक्यांच्या पट्ट्यात तो सर्वात जास्त बोचतो आणि मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपतो. वैमानिक त्या वेळी पुढे झुकलेला असेल तर हा धोका वाढतो. मिगच्या के-३६ सीटचे हँडल दोन मांड्यांच्या मध्ये असते. ते शोधायला मान खाली घातली की कणा नेमका नको त्या आकारात येतो. म्हणून हँडल न बघता हाताला सापडले पाहिजे, आणि तेवढा सराव जमिनीवरच व्हायला हवा. नितंब सीटच्या पाठीला टेकलेले, डोके हेडरेस्टला, हनुवटी किंचित वर, कोपरे अंगालगत अशी बैठक हवी. ही सीट खांदे मागे ओढते आणि पाय-हात आवळून धरते खरी, पण कमरेचा पट्टा सैल असेल तर सीट आधी सुटते आणि मग खालून येऊन माणसावर आदळते.

मऊ उशीचेही तेच. पाठ दुखते म्हणून कुणी सीटवर जाडसर फोम घातला, तर इजेक्शनच्या वेळी आधी तो फोम दबतो, तेवढ्यात सीट वेग घेते आणि मग दणका जास्त बसतो. कमरेला आधार हवा असेल तर त्या सीटच्या तंत्रज्ञांनी मान्य केलेलाच घ्यावा. बाजारातली गादी नको.

आता वाचकांसाठी थोडे, कारण असा वैमानिक कधी वेर्ण्याच्या पठारावर उतरेल, कधी वेळसाव-बोगमाळोच्या पाण्यात, आणि त्याच्यापर्यंत आधी पोचेल तो गावकरी किंवा ट्रॉलरवरचा खलाशी. त्याला बसवू नका, उभे करू नका, आणि दुचाकीवर डबलसीट इस्पितळात तर मुळीच नेऊ नका. त्याला सपाट, पाठीवर राहू द्या. एकाने डोके दोन्ही तळहातांत धरून मान सरळ ठेवावी. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नये. काढावेच लागले तर दोघांनी मिळून: एक हेल्मेट खेचतो, दुसरा मान आणि जबडा खालून धरतो. कुशीवर वळवायचे असेल तर डोक्याशी एक आणि खांदा, नितंब, गुडघे यांपाशी एकेक असे चार जण हवेत. डोक्याशी बसलेला म्हणेल तेव्हाच सगळ्यांनी एकदम वळवायचे. वाऱ्याने पॅराशूट फुगून माणूस फरफटत असेल तर आधी कापड जमिनीवर दाबा. पडलेल्या सीटला हात लावू नका, तिच्यात न उडालेली काडतुसे असू शकतात. जळत्या विमानाच्या धुरापासून वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा. १०८ ला फोन करताना ‘इजेक्शन झालेला वैमानिक, मणक्याला इजा असू शकते’ एवढे सांगितले तरी रुग्णवाहिका योग्य तयारीने निघते.

समुद्रात काखेत हात घालून, काठावरून वाकवत होडीत ओढणे हीच सर्वांची पहिली सवय. जमल्यास फळी किंवा पसरलेले जाळे खाली सरकवून आडवेच उचलावे. मात्र माणूस बुडत असेल, तोंड पाण्याखाली जात असेल, तर हे सगळे बाजूला ठेवा. श्वास आधी, कणा नंतर.

इस्पितळात साधा एक्स-रे बऱ्याचदा फसवा निघतो. चेपलेला मणका किरकोळ असेल तर तो दिसत नाही, एमआरआयमध्ये मात्र हाडाच्या आतली सूज दिसते. आणि एमआरआय जिथे दुखते तिथलाच नको, पूर्ण कण्याचा हवा, कारण एकाहून जास्त मणके चेपलेले असू शकतात, अगदी वरचे छातीचेही. फ्रॅक्चर स्थिर असेल तर सहसा ८ ते १२ आठवडे पट्टा, लवकर चालणे सुरू, पण पुढे वाकणे आणि ओझे उचलणे बंद. पुढच्या टप्प्यात आम्ही एक साधी काठी वापरतो. ती पाठीमागे उभी धरायची, डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांमधली जागा आणि माकडहाडावरचे सपाट हाड हे तिन्ही तिला टेकलेले असले पाहिजेत, आणि तसेच राहून खुब्यातून पुढे झुकायचे. तिन्हीपैकी एक जरी सुटले तर वाकतो आहे तो कणा, खुबा नव्हे. हे जमेपर्यंत पुढची पायरी नाही. पुन्हा उडायचे की नाही हे अर्थात वैद्यकीय मंडळ ठरवते, फिजिओ नव्हे.

इतके सांगूनही इजेक्शन ही क्वचित घडणारी गोष्ट आहे. रोजची झीज मानेची होते आणि तिची बातमी होत नाही. माणसाचे डोके साधारण ४.५ ते ५ किलोचे, हेल्मेट आणि ऑक्सिजन मास्क मिळून सुमारे २ किलो. वळणात ७ जी आला की मानेवर ४५ ते ५० किलो येतात, म्हणजे सिमेंटची एक गोणी डोक्यावर. ती सरळ मानेवर असेल तर तरुण मान निभावून नेते. पण हवाई लढतीत शत्रू मागे असतो, आणि मागे बघायचे तर मान वळवून वर मागे न्यावी लागते. त्या स्थितीत एका बाजूचे सांधे एकमेकांत रुततात, दुसऱ्या बाजूचे स्नायू ताणलेले म्हणून दुबळे असतात, आणि सी-५, सी-६, सी-७ या मानेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर (डिस्कवर) तिरका भार येतो. हेल्मेटवरची दर्शनी काच किंवा रात्रीचे गॉगल लावले की वजन पुढे सरकते. मागे प्रतिभार लावून तोल साधतो, पण एकूण वजन वाढते ते वाढतेच. हेल्मेट सैल असणे हा तर निव्वळ निष्काळजीपणा. जी आला की ते डोळ्यांवर सरकते आणि मान त्याला सावरत बसते.

इलाज बराचसा सवयीचा आहे. ज्या बाजूला बघायचे तिकडे मान आधी वळवा, डोके हेडरेस्टला किंवा कॅनोपीच्या (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाच्या) कडेला टेकवा, मग विमान ओढा, म्हणजे जोरात वळवा. भाराखाली मान हलवायची नाही. बाजू बदलायची असेल तर क्षणभर जी उतरवा. वळण मानेपेक्षा छातीच्या कण्यातून आणि खांद्यातून घ्या. नजर आणि आरसे फुकट मिळतात, त्यांचा वापर करा. दोन आसनी विमानात मागच्या सीटवरचा जास्त सापडतो, कारण विमान कधी वळणार हे त्याला ठाऊक नसते आणि मान बेसावध असते. पुढच्याने ओढण्याआधी एक शब्द बोलावा, त्याला पैसे पडत नाहीत.

गोव्यात आणखी एक गोष्ट आहे. दाबोळीच्या नौदलाच्या हंसा तळावर जमिनीवरच स्की-जंप (उड्डाणासाठीचा वर वळलेला उतार) आणि अटक-तारा (उतरणाऱ्या विमानाला अडवून थांबवणाऱ्या तारा) उभारलेल्या आहेत, त्यामुळे विमानवाहू नौकेवर उतरण्याचा सराव इथेच, पुन्हा पुन्हा होतो. तेजसने अटक-तारेवर पहिल्यांदा उतरणे १३ सप्टेंबर २०१९ रोजी इथेच करून दाखवले. अशा उतरण्यात विमान धावपट्टीवर अलगद टेकत नाही, ते आपटते आणि मग तार त्याला साधारण ९० मीटरमध्ये थांबवते. धड पट्ट्यांनी बांधलेले, डोके मोकळे. खांद्याचे पट्टे लॉक आणि डोके मागे टेकलेले नसेल तर मान पुढे झटकली जाते.

व्यायामाबद्दल सर्वात मोठा गैरसमज वास्कोच्या जिममध्ये दिसतो. जाड मान म्हणजे मजबूत मान असे समजून पोरे डोके जमिनीवर टेकवून पैलवानी पूल करतात. वाकलेल्या मानेवर पूर्ण शरीराचे वजन, म्हणजे ज्यापासून वाचायचे तेच घरी करणे. आधी मानेच्या पुढच्या खोल स्नायूंना जागे करावे लागते. पाठीवर झोपून मानेच्या पोकळीत दाब मोजणारी पिशवी ठेवायची, दाब पाऱ्याच्या २० मिमीवर आणायचा, आणि ‘हो’ म्हणताना हलवतो तितकीच हनुवटी खाली घेत काटा २२ वर न्यायचा. १० सेकंद धरायचे, १० वेळा. मग २४, २६ असे करत ३० पर्यंत. काटा चढतो आहे पण गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताठ दिसत आहेत, जबडा आवळला आहे किंवा डोके गादीत रुतते आहे, तर काम चुकीचे स्नायू करत आहेत. अशा वेळी दोन पायऱ्या खाली या. पिशवी नसेल तर बीपीचा पट्टा घडी घालून चालतो, नेमकेपणा थोडा कमी.

हे जमले की रबरी पट्ट्याने चारही दिशांना १२ ते १५ वेळांचे तीन फेरे, आठवड्यात दोन-तीन दिवस, जोडीला खवाट्याच्या खालच्या स्नायूंचे काम. डेन्मार्कच्या एफ-१६ वैमानिकांवर २४ आठवड्यांची नियंत्रित चाचणी झाली, तिच्यात अशा नेमक्या व्यायामाने मानदुखी कमी झाली. उद्या जास्त जीचे उड्डाण असेल तर आज जड फेरे नकोत, थकलेली मान लवकर दुखावते. उड्डाणाआधी पाच मिनिटे पुरतात: मान आणि छातीचा कणा सगळीकडे फिरवणे, मग तळहात कपाळावर, मागे आणि दोन्ही कानशिलांवर ठेवून ३०-४० टक्के जोराने पाच-सहा सेकंद दाबणे. रजेवरून किंवा लांब खंडानंतर परतल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण जी घेऊ नये, मान तेवढ्यात विसरलेली असते.

कमरेसाठी पोटाच्या उठा-बशा कमी आणि बाजूचा प्लँक जास्त करा. सकाळी उठल्यावर पहिला तास पुढे वाकून व्यायाम टाळा. रात्रभर पाणी ओढून डिस्क फुगलेली असते.

आणि कृपा करून सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका. केस कापून झाल्यावर डोके दोन्ही हातांत धरून जो ‘कट्ट’ काढतात, तो भाराने दुखावलेल्या मानेला महाग पडू शकतो. दंडातून अंगठ्याकडे मुंग्या येत असतील तर संशय मानेतल्या सी-६ नसेवर, मधल्या बोटाकडे असतील तर सी-७ वर. हाताने बटण लावताना अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही दिसले तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

अडचण अशी की वैमानिक दुखणे सांगत नाही. सांगितले तर वैद्यकीय श्रेणी घसरेल आणि विमान हातचे जाईल ही भीती खोटी म्हणता येत नाही. त्यामुळे तो वेदनाशामक गोळी खातो, आणि साध्या स्नायूच्या ओढीचे नसेच्या दुखण्यात रूपांतर होऊन मगच आपल्याकडे येतो. आमच्या मते फिजिओची जागा इस्पितळाच्या वॉर्डात कमी आणि स्क्वाड्रनच्या ब्रीफिंग रूमशेजारी जास्त असावी. उड्डाणानंतर तिथे जाऊन ‘मान आखडली आहे’ एवढे सांगता यावे, आणि त्या पातळीवरच्या तक्रारीने श्रेणीला हात लागू नये. व्यायामाची पाच मिनिटे उड्डाणाच्या वेळापत्रकात छापील असावीत, नाहीतर ती कधीच होणार नाहीत.

ही घाई आत्ता करायला हवी, कारण नौदलासाठी २६ राफेल-एम विमानांचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला आहे. त्या विमानाची सीट सुमारे २९ अंशांनी मागे कललेली आहे. जी सोसायला ते चांगले, पण समोर बघायला मान पुढे काढून ठेवावी लागते आणि मागे वळून बघणे अधिक अवघड होते. ती विमाने येतील तेव्हा मानेची तयारी सुरू करून उपयोग नाही. ती तयारी सहा महिने आधीपासून लागते.

आपले,
मणक्याच्या दुखण्यांवर काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट
वास्को आणि मडगाव