ताम्हिणीतल्या पिकअपवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, गाडीचा नंबर बघायचंही सुचलं नाही. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. खूण सांगते: जुलैतला रविवार, रात्रीचे सव्वानऊ, ताम्हिणी घाट, धो धो पाऊस. तुमच्या पिकअपमध्ये सुकट-बोंबील, आणि आमच्या गाडीचं मागचं डावं चाक बसलेलं. श्रीवर्धनहून कोथरूडला येत होतो. मी, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे 112 नंबर पाठ असून उपयोग शून्य.

लाज याची वाटते, की म्हणायला माझ्या गाडीत सगळं होतं. स्टेपनी डिकीच्या तळाशी, तिच्यावर तीन बॅगा, सुपारीची पिशवी आणि आगळाच्या बाटल्या. ते सगळं पावसात रस्त्यावर मांडलं, तर स्टेपनीत हवाच नाही! टॉर्च होता, त्यातले सेल फुटून झाकण घट्ट बसलेलं. पंपावरचा पोरगा दर वेळी विचारतो, "स्टेपनी बघू का?" मी दर वेळी म्हणते, "राहू दे." बॅगा उतरवायचा कंटाळा, दुसरं काय.

तुम्ही थांबलात आणि आधी चाकाकडे न बघता म्हणालात, "आजींना माझ्या केबिनमध्ये बसवा." चातुर्मासात कांदासुद्धा न खाणाऱ्या आमच्या सासूबाई तासभर बोंबलांच्या वासात बसल्या, वर तुमच्या थर्मासमधला चहाही प्यायल्या. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग तुम्ही माझा लाल त्रिकोण उचलून मागे चालत गेलात. मी तो गाडीच्या बुडाशीच ठेवला होता. तुम्ही वळणाच्याही पलीकडे नेऊन ठेवलात, म्हणजे मागून येणाऱ्याला वळायच्या आधीच दिसेल. हँडब्रेक ओढायला लावलात, पुढच्या चाकाला दगडाची उटी दिलीत. सिगारेट लायटरच्या भोकात लावायचा तुमचा छोटा पंप घरघरत राहिला आणि माझी स्टेपनी हळूहळू फुगली.

मी जॅक लावायला निघाले तर म्हणालात, "ताई, नट आधी ढिले करा. चाक हवेत गेल्यावर ते फिरत बसेल." एक नट काही केल्या हलेना. तेव्हा तुम्ही सीटखालून हातभर लोखंडी पाईप काढलात आणि पान्याच्या दांड्यावर सरकवलात. दांडा लांब झाला, आणि ज्या नटावर मी अख्खी उभी राहिले होते तो एका हाताने कुरकुरत सुटला. जॅक चिखलात रुतायला लागला, तर खाली एक फळकूट सारलंत. फळीचा तुकडा नुसता, चारी कडा झिजलेला. माझा मुलगा तुमच्या कपाळावरच्या बॅटरीकडे असा बघत होता, जशी ती खाणीतूनच आणली आहे.

पैसे घेतले नाहीत. "पौडला थांबून नट परत आवळा, समोरासमोरचे, ओळीने नाही," एवढं सांगून निघालात. स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान आहे, ताशी 80 च्या वर नेऊ नका, हे तिच्यावरच छापलेलं होतं. पाच वर्षांत मी ते पहिल्यांदा वाचलं. पौडला दोन नट खरंच अर्धा आटा फिरले.

आता आमच्याकडे नियम आहे: दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघता बघता पार्किंगमध्ये उतरायचं. मुलगा स्टेपनीची हवा मोजतो, मी टॉर्च लावून बघते. सेल बाहेर काढून वेगळ्या पिशवीत. पॉवर बँक गाडीत नाही, पर्समध्ये. एप्रिलच्या उन्हात बंद गाडी तव्यासारखी तापते. जॅक, पाना, पाईप, गोणपाट, दोरी, पाण्याची बाटली आणि सासूबाईंची एक दिवसाची गोळ्यांची पुडी, हे सगळं आता बॅगांच्या खाली नसतं, पुढच्या सीटमागे असतं. गोळ्यांचं त्या रात्री कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, तुम्हीच विचारलंत. "आजींना बीपी आहे का?"

अंधारात आवराआवर करताना तुमचं ते फळकूट आमच्या डिकीत आलं. आम्ही अजून वापरलेलं नाही. दुसऱ्या कुणाचा जॅक रुतला तर तुमच्याकडे आता काय आहे, याची मला काळजी लागून राहिलीय. पुण्यात मासळी घेऊन येता तेव्हा कोथरूडवरूनच जात असाल ना? चहाला या. कांदा न घातलेली भजी मिळतील, आणि फळी परत.

तुमची,
मागच्या डाव्या चाकवाली ताई