मित्रास पत्र: रजा तिची, पण ताप दोघांचा

चिंचवड,
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

वहिनींना दिवस गेल्याची बातमी सांगायला तू फोन केलास तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये चढत होतो, धड अभिनंदनही झालं नाही. ते आता घे, दोघांनाही. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "हिची जिल्हा परिषदेची शाळा आहे, बालसंगोपन रजा मिळते, ती बघेल सगळं. मला काही टेन्शन नाही." मला त्यावर बरंच बोलायचं होतं आणि मागे शिट्टी वाजत होती. म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस, डिप्लोमानंतर हातात पेन फक्त रिपोर्ट भरायलाच येतं.

आमची चिऊ आता अडीच वर्षांची. पाळणाघरात घातली तेव्हा पावसाळा तोंडावर होता. आधी सर्दी, मग खोकला, मग छाती वाजायला लागली. ते निवळतंय तोवर हाता-पायांवर आणि तोंडात पुरळ. मग जुलाब. आमच्या आईचं ठाम मत, दृष्ट लागली. मीठ-मोहरी ओवाळून झाली, मीही मुकाट्याने बसलो. डॉक्टर मात्र जराही दचकले नाहीत. म्हणाले, पाळणाघरात जाणारं मूल पहिल्या एक-दोन वर्षांत वर्षाला आठ-दहा वेळा सर्दी-तापाने आजारी पडतं, त्यात नवल नाही. बहुतेक वेळा व्हायरल असतं, उगाच अँटिबायोटिक मागू नका.

घरी येऊन मी हिशोब मांडला. एका आजारपणाचे तीन-चार दिवस धर, वर्षाचा एक महिना झाला. आमच्याकडे वीस दिवस भरले की एक पगारी रजा, म्हणजे वर्षाला पंधराच्या आसपास. हिच्या पतसंस्थेत त्याहूनही हात आखडता. दोघांच्या रजा एकत्र केल्या तरी गणपतीला गावी जायला काही उरत नाही.

आजारपण म्हणजे अचानक आलेलं संकट, असं आपण धरून चालतो. तसं ते नाहीच. जून ते फेब्रुवारी ते येत-जात राहणार, तारीख तेवढी माहीत नसते. आणि आपल्याकडची सगळी सोय मात्र ठणठणीत मुलासाठी. २०१७ साली कायदा बदलला, बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी असं आलं. चांगलंच झालं. पण पाळणाघर कंपनीचं असो की गल्लीतल्या काकूंचं, तापलेलं मूल कुणी घेत नाही. घेऊही नये, बाकीची पोरं असतात. म्हणजे ज्या दिवशी खरी गरज, नेमकी त्याच दिवशी ही सोय बंद.

त्या दिवशी काय होतं सांगतो. पाळणाघरातल्या काकूंचा फोन जातो मुलाच्या आईला. आमच्या कारखान्यात लाइनवर मोबाइल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक फोन हिलाच गेला. आणि ही बसते कॅशवर. समोर रांग, काउंटर बंद करायचा तर कॅश जुळवून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, मगच उठायचं. हे दोन-चारदा झाल्यावर तिच्या मॅनेजरने "घरी कुणी नाही का?" असं विचारायला सुरुवात केली. मग मी काकूंच्या वहीत पहिला नंबर आमच्या सुपरवायझरचा लिहून आलो. त्याला आधी विचारलं होतं, हो. तो म्हणाला, "वहिनी नाहीत का?" मी म्हटलं, "आहेत, कामावर आहेत." बराच वेळ बघत राहिला, पण तयार झाला. वहीतल्या या एका ओळीने आमच्या घरात जेवढा फरक पडला तेवढा कुठल्या रजेने पडलेला नाही.

दुसरं म्हणजे मी कायमची सेकंड शिफ्ट मागून घेतली. सगळे सेकंडला नाक मुरडतात, त्यामुळे लगेच मिळाली. दुपारी दोनपर्यंत मी घरी, संध्याकाळी सहाला ही येते. मधले चार तास खालच्या मजल्यावरच्या मावशी बघतात, पैसे ठरवून. फुकट ठेवून घ्यायला त्या तयार होत्या, पण फुकटच्या माणसाला आजारी पोर सांभाळ म्हणून हक्काने सांगता येत नाही. याची किंमतही सांगतो. टीम लीडर व्हायचं तर दिवसाची जनरल शिफ्ट लागते, ते मी यंदा नको म्हटलं. माझ्यानंतर लागलेला पोरगा झाला. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? आणि नवरा-बायकोची भेट रात्री पावणेबाराला, दोघंही पेंगुळलेले.

बोलणं होत नाही म्हणून फ्रिजवर एक वही ठेवलीय, आमच्याकडे शिफ्ट बदलताना हँडओव्हर लिहितात तशी. ताप किती, औषध किती वाजता, किती मिली, शू झाली का, काय खाल्लं. हे हसण्यावारी नेऊ नकोस. तापाच्या सिरपच्या बाटल्या एकाच नावाच्या असतात आणि आतलं प्रमाण वेगळं: एकीत पाच मिलीला १२० मिलिग्रॅम, दुसरीत २५०. 'एक चमचा दे' असं मावशींना सांगून निघालास तर डोस दुप्पटही होऊ शकतो. आमच्या वहीत पहिल्या पानावर चिऊचं वजन, डॉक्टरांनी त्यावरून सांगितलेले मिली आणि बाटलीवरचा आकडा लिहिलाय. त्याखाली लाल पेनाने: श्वास मिनिटाला चाळीसच्या वर गेला किंवा बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर कुणाची वाट न बघता रिक्षा करून दवाखाना, फोन वाटेतून.

आईला बोलावलं का, असं तू विचारशीलच. येते, पण तिचे गुडघे दुखतात आणि तिला ओव्याची धुरी द्यायची असते. छाती वाजणाऱ्या पोराला धूर नको, असं डॉक्टरांनी तिला स्वतः सांगितलं तेव्हा ऐकलं. माझं ऐकलं नसतं. आता ओव्याची पुरचुंडी शेकते तेवढ्यावर तह झालाय.

आता तुझं. वहिनींना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, खरं आहे. पण ती हक्काने मागता येत नाही, वरिष्ठांनी मंजूर केली तर. शिवाय मूल अठराचं होईपर्यंत ती पुरवायची आहे, दहावीची परीक्षा पण त्यातच. ती पहिल्या दोन वर्षांत सर्दी-खोकल्यात उडवू नका. आणि दोनशिक्षकी शाळा असेल तर त्या रजेवर गेल्या की दुसऱ्या गुरुजींवर चारही वर्ग. रोज सकाळी सात वाजता त्यांना फोन करून "आज येत नाही" म्हणणं किती जड जातं, ते वहिनींना विचार, मला नको. तुझं स्वतःचं दुकान आहे. सहा महिने आधीपासून एक पोरगा हाताखाली तयार कर, गल्ल्यावर बसू शकेल असा. पाळणाघराच्या वहीत पहिला नंबर तुझा. फ्लूची लस पावसाळ्याआधी दरवर्षी द्यायची असते, ते डॉक्टरांशी बोलून ठेव.

डोहाळजेवण कधी ते लवकर कळव. शिफ्ट बदलून घ्यायला मला पंधरा दिवस आधी सांगावं लागतं, आणि चिऊ त्या आठवड्यात बरी असली तर तिघंही येतो. तुझ्या आईला नमस्कार.

तुझा,
पम्या