२४ तास ठोके नोंदवणारा होल्टर लावल्याशिवाय न सोडणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, दादाला आयसीडी हे हृदयाचं यंत्र बसवलं, तो आता घरी आहे, तुमचे नीट आभार मानायचे राहूनच गेले म्हणून लिहितेय.

मधेच ठोका चुकल्यासारखं व्हायचं आणि पाठोपाठ एक धाडकन बसायचा, हे त्याचं कधीपासूनचं, आणि आधी दाखवलं तिथे ॲसिडिटी, टेन्शन, जागरण असंच सांगितलं कारण इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल. तसे एक्स्ट्रा ठोके धडधाकट माणसांनाही पडतात नि बहुतेकदा त्यात काही नसतं, त्यामुळे त्यांना नावं ठेवत नाही. पण तुम्ही ईसीजी बघून विचारलंत, पळताना वाढतं की कमी होतं, आणि घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? पळताना वाढायचं, एकदा पळता पळता शुद्ध हरपून पडला पण होता, आणि काका पस्तिशीत झोपेतच गेलेले, ते हार्ट अटॅकने असंच सगळे धरून चालले होते.

मग ईसीजीत छातीवरच्या व्ही१ ते व्ही३ या लीडमधल्या उलट्या टी वेव्ह दाखवून तुम्ही होल्टर लावलात. २४ तासांत असे ५०० च्या वर ठोके आले तर एआरव्हीसी या हृदयाच्या स्नायूच्या आनुवंशिक आजाराच्या निकषांत धरतात म्हणालात, दादाचे त्याच्या कितीतरी वर, आणि बहुतेक उजव्या कप्प्यातले. पुढे एमआरआयमध्ये एआरव्हीसीच निघाला. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं प्रोटीनच जीनच्या दोषामुळे कच्चं, ताण पडला की पेशी सुटून मरतात, तिथे चरबी आणि व्रण तयार होतात नि करंट भरकटतो. पंप ठीक पण वायरिंग आधी बिघडतं, म्हणून इको नॉर्मल! हे तुम्ही पेनाने चित्र काढून समजावलंत, आईला सगळं कळलं, मला निम्मं.

आयसीडीने आजार बरा होत नाही, जीवघेणी लय आली तर शॉक देऊन थांबवतं, हेही आधीच स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत. पळणं बंद झालं ते मात्र त्याला ऑपरेशनपेक्षा जड गेलंय, रोज कुरकुर चालू असते.

घरच्यांच्या टेस्टपण तुमच्यामुळेच झाल्या. दादाच्या पीकेपी२ या जीनमधला दोष बाबांच्यातही निघाला, त्यांना या वयापर्यंत साधी धडधड नाही! माझ्यात नाही. काकांच्या मुलांपैकी ताईने लगेच टेस्ट करून घेतली, धाकटा मात्र मला काही होत नाही म्हणून टाळतोय आणि वर जिमला जातोय. आमचं ऐकत नाही, एकदा त्याला तुमच्याकडे घेऊन आले तर बघाल का?