आप्पा, आम्ही परत त्या संगमावर गेलो

मेलबर्न, 19 जानेवारी 2026

ती. आप्पा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा सगळे सुखरूप घरी पोचलो. कुणाला काही झालेलं नाही, गाडीलाही नाही. फोन सारखा तुटत होता म्हणून आईला वाटलं मी काहीतरी लपवतोय. तिथं रेंजच तशी आहे, दुसरं काही नाही.

आधी आईचं. साप दिसला नाही. पोरं जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात उतरली नाहीत आणि मीही गुडघ्याच्या पुढं गेलो नाही. गाडीमागं अख्खं घर जोडून साडेपाचशे किलोमीटर जायचं म्हटल्यावर काळजी वाटणारच, पण काटा ऐंशीच्या वर नेला नाही. मागचे ट्रकवाले काय म्हणाले असतील ते असो. आणि आप्पा, "पैशे जास्त झालेत का बे त्याला?" असं तुम्ही दादाला विचारलंत, ते कळलं. कॅरॅव्हॅन विकत घेतलेली नाही, आठ दिवस भाड्यानं होती. हॉटेलात चौघांचं याहून जास्त गेलं असतं.

मरे-डार्लिंगच्या संगमावरचं वेंटवर्थ तुम्हाला माहितीच आहे, जास्त सांगत नाही. 2019 च्या जानेवारीत आपण गेलो तेव्हा वर मेनिंदीला डार्लिंग नदीत लाखो मासे मेले होते. त्या बातम्या बघून आईनं पाण्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तुम्ही मात्र ओंजळभर घेऊन डोक्याला लावलंत आणि देऊळ शोधत काठानं फिरलात. "एवढा संगम, आणि साधी एक पिंड नाही?" कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ते पटणार कसं! या वेळी थोरल्याला घेऊन मनोऱ्यावर चढलो. डार्लिंगचं पाणी दुधाळ चहासारखं, मरे नदीचं हिरवट, आणि दोन्ही बराच वेळ एकमेकींना न शिवता शेजारून चालतात. त्याला कुडलच्या देवळातला शके 940 चा शिलालेख सांगितला, हजार वर्षांपूर्वीचं मराठी. तो म्हणाला, "मग आपण तिथं कधी जायचं?" मी म्हटलं, चल खाली, ऊन लागतंय.

आता पाठवलेल्या फोटोचं नीट सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. संध्याकाळी पाच वाजले की कॅरॅव्हॅन पार्कातली माणसं आपापली घडीची खुर्ची काखेत मारतात आणि कुणातरी एकाच्या दारासमोर जमतात. याला हॅपी अवर म्हणतात. "या की" असं आमंत्रण असतं, पण खुर्ची तुमची, पेला तुमचा, पेल्यातलंही तुमचंच. यजमानाची फक्त सावली. पहिल्या दिवशी आम्ही हात हलवत गेलो आणि उभेच राहिलो. आतून कुणी खुर्ची आणेना. मला तर अपमानच वाटला. मागनं कळलं, आम्ही बसत नाही म्हणजे आम्हाला निघायची घाई आहे असं ते समजत होते! दुसऱ्या दिवशी खुर्च्या नेल्या, आणि तुमच्या सूनबाईनं कडक भाकरीच्या तुकड्यांवर दही आणि शेंगा चटणी घालून ताट फिरवलं. शेजारच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतनं पाणी, तरी हात परत ताटाकडं. साडेसहाला सगळे एकदम उठले, खुर्च्या मिटल्या, गेले. जेवूनच जा म्हणायची पद्धत नाही. आई, माझ्या पेल्यात फेसाळ दिसतंय ते ताक आहे.

ते ट्रॅक्टरचं स्मारक अजून आहे. 1956 च्या महापुरात फर्ग्युसन ट्रॅक्टरांनी मातीचे बांध घालून गाव वाचवलं, त्याचं. तेव्हा आपण दोघं हसलो होतो, ट्रॅक्टरचं कसलं स्मारक म्हणून. या वेळी हसू आलं नाही. सप्टेंबरात सीनेचं पाणी वस्तीत शिरलं, काकांनी रात्रभर ट्रॅक्टरवरनं माणसं बाहेर काढली, आणि मी इथं ऑफिसच्या जिन्यात उभा राहून दादानं पाठवलेला व्हिडिओ बघत होतो.

सोलापूरला सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला येतो म्हणालो होतो, ते विसरलेलो नाही. जानेवारीतले तिकिटांचे भाव बघितले आणि गप्प बसलो. अक्षतांच्या वेळी मोबाईल लावून बसलो होतो. नंदीध्वज संमती कट्ट्यापाशी आले आणि रेंज गेली.

विहिरीतला गाळ काढायला आणि नव्या मोटारीला पाठवलेले पैसे तुम्ही माझ्याच नावानं एफडीत टाकलेत म्हणे. ती मोडा. मी रागावून लिहीत नाही, पण मोडा.

छकुलीला बार्शीचं स्थळ आलंय ते मला पसंत आहे. मुलाशी अर्धा तास बोललो. फ्लॅटचे हप्ते चालू आहेत हे त्यानं स्वतःहून सांगितलं, ते आवडलं. यंदा जेठ अधिक आहे, 17 मेपासून. म्हणजे त्याच्या आत उरकावं लागणार. साखरपुड्याला मला मोबाईलवरच बसवा, लग्नाला येतोच. फक्त एक आहे, माझी बरीच सुट्टी या फिरण्यात गेली. नऊ दिवस उरलेत, येण्याजाण्याचे सोडून सहा. तेव्हा तारीख आठवड्याच्या मधली धरता आली तर दोन्हीकडचे शनिवार-रविवार जोडता येतील. हे छकुलीला तुम्ही सांगू नका, मीच फोन करतो. आज नाही, रविवारी.

तुमचा,
बाळू